खालचं वाचता येईल अशी रेघ

आमच्या वाडीत मुंबई न पाहिलेला माणूस शोधून सापडणार नाही. निम्मी वाडी तिथं नोकरी करून परत आली, उरलेली निम्मी अजून तिथंच आहे. त्यामुळे मुंबईतल्या चार दिवसांचं प्रवासवर्णन लिहितो आहे म्हटल्यावर वाचनालयाचे चिटणीस म्हणाले, "नाना, दुसरं गाव मिळालं नाही काय?" त्यांचं बरोबर आहे. पण परळला मी जी खोली पाहिली ती वाडीतल्या कोणी पाहिलेली नाही, आणि तिथं मी जे सांगितलं ते वाडीत कोणाला ठाऊक नाही. दोन्ही लिहून ठेवतो.

आधी कारण. सत्तावीस वर्षांपूर्वी मी काळाचौकीत राहत होतो. आमच्या गोविंदा पथकातला मिलिंद नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा सलामी देताना चौथ्या थरावरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. पथकाला शिकवणारा मी. शिट्टी माझ्या गळ्यात. त्याला इस्पितळात नेणाराही मी, आणि तिथल्या डॉक्टरांनी कसं झालं विचारल्यावर उत्तर देणाराही मीच. ते उत्तर खोटं होतं. मिलिंदच्या डोक्यालाही मार लागला होता. त्याला आदल्या संध्याकाळचा सराव आठवतो आणि नंतर एकदम वॉर्डातला पंखा. मधलं सगळं त्याला माझ्याकडून मिळालेलं.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. परळच्या एका संशोधन संस्थेत मज्जारज्जूच्या, म्हणजे कण्यातून जाणाऱ्या मज्जातंतूंच्या दोराच्या, दुखापतीवर काम चालतं. मूलपेशी आणि जनुकोपचार एकत्र वापरून तुटलेला दोर पुन्हा वाढवता येईल का, हे तिथं पाहतात. जुन्या रुग्णांची माहितीही गोळा करतात. त्यांच्या फॉर्मात एक प्रश्न होता: दुखापतीनंतर लगेच पायांत हालचाल होती का, आणि ती कोणी पाहिली?

"लगेचचे साक्षीदार तुम्हीच उरलात, नाना," तो म्हणाला. "येता का?"

मी हो म्हटलं, आणि कुळीथ दळायला पाठवले. मुंबईला रिकाम्या हातानं जाता येत नाही.

दादर, आणि मग फणसवाडी

दादरला उतरलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. पुलाखालच्या फुलबाजारात अबोलीचे ढीग तागडीत घालून विकत होते. आमच्याकडे शेजारणीनं न विचारता दोन अबोल्या तोडल्या तर वर्षभर बोलणं बंद होतं. इथं एक बाई टोपलीतल्या फुलांवर पाणी मारत होती. निम्मं माझ्या पिशवीवर पडलं आणि कुळथाच्या पिठाची एक पुडी तिथंच भिजली. बाईंना वाईट वाटलं. त्यांनी भरपाई म्हणून मला एक गजरा दिला. मी विधुर माणूस, गजरा हातात धरून टॅक्सीत बसलो. टॅक्सीवाल्यानं आरशातून दोनदा पाहिलं, विचारलं मात्र काही नाही.

फणसवाडीत माझे साडू भास्करराव राहतात. वय ब्याऐंशी, बँकेतून निवृत्त, अजून रोज सकाळी दाढी करतात. त्यांच्या इमारतीचा जिना लाकडी आहे आणि प्रत्येक पायरीचा आवाज वेगळा आहे. भास्करराव आवाजावरून कोण आलं ते ओळखतात. मला मात्र त्यांनी दूधवाला समजून "आज अर्धाच लिटर" असं आतूनच सांगितलं.

साबुदाण्याचे वडे खाताना त्यांनी विचारलं, काय काम काढलंत? मी म्हणालो, साक्ष द्यायची आहे. त्यांनी त्याचा अर्थ कोर्ट असा घेतला. मी दुरुस्त करेपर्यंत त्यांनी माझा पांढरा शर्ट इस्त्रीला पाठवलाही होता. मग परळच्या संस्थेचं सांगितलं, तरी त्यांचा सल्ला बदलला नाही.

"विचारतील तेवढंच सांगायचं. आपणहून एक शब्द जास्त नाही."

मी वडा खात राहिलो. सत्तावीस वर्षांपूर्वी मी नेमकं हेच केलं होतं, आणि तेव्हा सल्ला द्यायला कोणी नव्हतं.

लालबाग, काळाचौकी

दुसऱ्या दिवशी टॅक्सीनं लालबागला गेलो. मसाल्यांच्या दुकानांपाशी उतरलो. मसाला कुटायच्या डंखाचा आवाज अजून तसाच आहे. मिरची कुटली जात असताना तिथून जाणारा प्रत्येक माणूस शिंकतो, आणि शिंकताना कोणी कोणाकडे पाहत नाही. पुढं चिवड्याच्या दुकानातून पावशेर पोह्यांचा चिवडा घेतला. मी ज्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होतो तिथं आता काचेची इमारत आहे. चिमणी तेवढी ठेवली आहे, रंग देऊन. तिच्याभोवती कारंजं केलं आहे. सुरक्षारक्षकानं मला फोटो काढू दिला नाही. तशी माझी काढायची इच्छाही नव्हती.

मिलिंदची चाळ पाडून तिथं उंच इमारत झाली. तो आणि त्याची मोठी बहीण सुजाता अकराव्या मजल्यावर राहतात. सुजाता शाळेत शिकवत होती. लग्न केलं नाही. का नाही, हे मी कधी विचारलं नाही.

"अकरावा मजला म्हणजे सॉलिड हवा," मिलिंद म्हणाला. "लिफ्ट बंद पडली की मी हिमालयात."

तो आता सेहेचाळीस वर्षांचा आहे. दाढी पिकली आहे, खांदे मात्र पहिल्यासारखे रुंद. खुर्चीची चाकं फिरवून फिरवून तळहात माझ्या गिरणीतल्या हातांसारखे झाले आहेत. घरी बसून तो लोकांचे कर भरण्याचे कागद करतो. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्या शेजारी बुद्धाची छोटी मूर्ती, आणि खाली पथकाचा जुना फोटो. त्यात मी शिट्टी तोंडात धरून उभा आहे.

सुजातानं सुकटीची चटणी, तांदळाची भाकरी आणि मी नेलेल्या पिठाचं पिठलं केलं. "लाजू नका हां, नाना," असं म्हणून तिनं तिसरी भाकरी वाढली. आमच्याकडे पाहुण्याला 'पुरे' म्हणायला तीनदा संधी देतात. इथं एकदाही नाही. मी जेवतानाच सांगून टाकायचं ठरवून आलो होतो.

तेवढ्यात मिलिंदनं त्याच्या रविवारच्या वर्गाबद्दल सांगायला सुरुवात केली. काळाचौकीत बायकांचं एक गोविंदा पथक आहे. पडलेल्या माणसाला कसं उचलायचं हे तो त्यांना शिकवतो. मान धरायची कशी, फळी सरकवायची कशी, कोणी मोजायचं. आजूबाजूची इतर पथकंही येतात.

"माझंच उदाहरण देतो," तो म्हणाला. "माझे पाय पडल्याक्षणीच गेले, त्याला इलाज नव्हता. पण नानांनी मला घाईनं हलवलं नाही, नीट आडवं ठेवून नेलं, म्हणून मान आणि हात वाचले. असं सांगितलं की मुलींना पटतं."

सुजाता म्हणाली, "त्या तुम्हाला ओळखतात, नाना. नावानं."

मी चौथी भाकरी नको म्हणालो. त्यापलीकडे त्या दिवशी माझ्याकडून काही बोलणं झालं नाही. संध्याकाळी फणसवाडीत परतलो. भास्कररावांनी पायरीचा आवाज ऐकून बरोबर ओळखलं आणि विचारलं, "झाली का साक्ष?"

परळ

संस्थेच्या दारापर्यंत उतार केलेला आहे, त्यामुळे मिलिंदची खुर्ची थेट आत गेली. मीच पायरीवर अडखळलो. सुजाता दोघांच्या मागून येत होती. तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत मिलिंदचे सगळे जुने कागद होते.

डॉक्टर मृणाल नावाच्या बाई आम्हाला भेटल्या. वय चाळिशीचं, बोलणं सावकाश. पुढं बोलण्याआधी त्यांनी एक गोष्ट स्पष्ट केली. हे काम अजून उंदरांवर आणि काचेच्या बशीतल्या पेशींवर चालतं, माणसांवर नाही, आणि जुन्या दुखापतीला ते सगळ्यात कमी लागू पडतं. पेशींची सुई टोचून चालायला लावतो असं कोणी सांगत आलं तर आधी आम्हाला फोन करा, असंही म्हणाल्या.

"ठाऊक आहे," मिलिंद म्हणाला. "मी उत्सुकता घेऊन आलोय. आशा सुजाताकडे ठेवायला दिलीय."

सुजाता म्हणाली, "आणि ती मी कपाटात ठेवलीय. चावी देणार नाही."

पेशी वाढवतात त्या खोलीत जाण्याआधीच्या दालनात टोपी आणि पायमोजे घालावे लागतात. दोन्ही एकाच निळ्या पातळ कापडाचे. मी पायमोजा डोक्यात घातला. बाईंनी हसू आवरलं, मिलिंदनं आवरलं नाही. आतल्या खोलीत आम्हाला प्रवेश नव्हता, काचेतूनच पाहायचं. आत एक मुलगी हातमोजे घालून बशीत थेंब थेंब काहीतरी सोडत होती. श्वाससुद्धा जपून घेत असावी. मी म्हणालो, हे तर आमच्या काकूचं सोवळं झालं.

"फरक आहे, नाना," मिलिंद काचेकडे पाहत म्हणाला. "इथं हात धुतले की आत घेतात."

आमच्या काकूच्या स्वयंपाकघरात मिलिंदच्या वडलांना कोणी घेतलं नव्हतं, आणि ते आम्हा दोघांनाही माहीत आहे.

बाहेरच्या सूक्ष्मदर्शकातून बाईंनी आम्हाला मूलपेशी दाखवल्या. मला वाटलं होतं काहीतरी गोल, दाण्यासारखं दिसेल. दिसलं ते कोळ्यांच्या जाळ्याच्या तुकड्यासारखं. प्रत्येकीला लांब लांब हात, काहींचे हात शेजारणीपर्यंत पोचलेले. या पेशी अजून कोणत्याच कामाला लागलेल्या नसतात, काहीही होऊ शकतात. मज्जारज्जू तुटतो तिथं व्रण होतो आणि ती जागा नव्या वाढीला थारा देत नाही. तिथं नुसत्या पेशी सोडल्या तर पुष्कळशा मरतात, उरलेल्यांना काय करायचं ते कळत नाही. म्हणून त्या सोडण्याआधी त्यांच्यात एक जनुक घालतात. जनुक म्हणजे एक लिहिलेली सूचना. ती आत पोचवायला विषाणू वापरतात, त्यातला रोग करणारा भाग काढून टाकलेला. मग ती पेशी जखमेत बसून मज्जातंतूंना वाढवणारा पदार्थ स्वतःच तयार करत राहते.

"दोन्ही लागतं," बाई म्हणाल्या. "माणसंही आणि हुकूमही."

"म्हणजे प्रत्येक गोविंदाच्या गळ्यात शिट्टी," मिलिंद म्हणाला. "बाहेरून नाना नको."

सगळे हसले, मीही. काही उंदरांचे मागचे पाय थोडं वजन घेऊ लागले, काहींचे अजिबात नाही, आणि असं का याचं उत्तर अजून सापडलेलं नाही, असं बाईंनी सांगितलं. हे सांगताना त्यांचा आवाज वर गेला नाही आणि खालीही आला नाही. ते मला आवडलं.

मग त्यांच्या टेबलाशी बसलो. सुजातानं जुना केसपेपर काढला. तो मी सत्तावीस वर्षांनी पाहत होतो. घड्यांवर फाटला होता, मागून चिकटपट्टी लावली होती. वरच्या भागात इंग्रजीत एक ओळ होती. बाईंनी ती वाचून मराठीत सांगितली: पडल्यापासून दोन्ही पायांत हालचाल नाही, सोबतच्या इसमाच्या सांगण्यावरून. सोबतचा इसम म्हणजे मी. त्याच माहितीवरून फॉर्ममध्ये 'हालचाल नव्हती' असं मिलिंदनं घरीच लिहून आणलं होतं. माझी फक्त सही हवी होती.

"इथं करा, नाना," तो म्हणाला.

भास्कररावांचा सल्ला मला आठवला. विचारलं होतं तेवढंच सांगायचं, तर सही पुरेशी होती.

मी म्हणालो, "हालचाल होती."

मग मी पुढं सांगितलं. क्रम जसा होता तसा सांगितला, आणि इथंही तसाच लिहितो. मिलिंद पाठीवर पडला. मी त्याच्या पायाशी होतो. त्याची पायाची बोटं हलली. त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "नाना, हलवू नका, पाठीत काहीतरी झालंय." पथकात माझा एक नियम होता, मीच केलेला: पडलेला गोविंदा आडवा दिसता कामा नये. टाळी वाजायच्या आत उभा राहिला पाहिजे. त्यात पथकाची अब्रू असे. मागं दुसरं पथक थांबलं होतं, कर्णे चालू होते, गच्च्या माणसांनी भरल्या होत्या. मी त्याला काखेत हात घालून उचललं आणि उभं केलं. त्याचे पाय ओल्या गोणपाटासारखे खाली दुमडले. मग मी त्याला टॅक्सीत बसवून नेलं. आडवं नाही, बसवून. इस्पितळात विचारलं तेव्हा बोटं हलल्याचं सांगितलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता की मग थांबली कधी.

सुजातानं प्लॅस्टिकची पिशवी मांडीवर घेऊन तिच्या घड्या घालायला सुरुवात केली.

मिलिंदनं विचारलं, "कुठल्या पायाची?"

"उजव्या. अंगठा आणि शेजारचं बोट."

त्यानं आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. पायात निळा मोजा तसाच होता. बराच वेळ तो तिकडेच पाहत होता, एखाद्या ओळखीच्या माणसाचं नाव आठवत नसावं तसा.

मी डॉक्टरबाईंना विचारलं, की मी उचललं नसतं तर? त्या म्हणाल्या, पहिला आघात पडण्याचा असतो, आणि त्यानंतर काही तास आतली इजा आपोआप वाढत राहते. हलवल्यानं ती आणखी वाढू शकते.

"तुमच्या उचलण्यानं किती गेलं आणि आधीच किती जाणार होतं, हे मला सांगता येणार नाही. कोणालाच येणार नाही."

मी दोन्हीची तयारी करून गेलो होतो, दोषाचीही आणि सुटकेचीही. दोन्हींतलं काहीच मिळालं नाही.

मी फॉर्मातलं उत्तर खोडायला पेन उचललं आणि जोरात गिरगटणार, तोच बाईंनी हात आडवा केला. नोंद अशी खोडत नाहीत. चुकीच्या ओळीवर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी नवं लिहायचं, सही आणि तारीख. आधी काय म्हटलं होतं आणि नंतर काय म्हटलं, दोन्ही दिसायला हवं. मी तशी रेघ मारली. ती बऱ्यापैकी सरळ आली.

बाहेर पडल्यावर कोपऱ्यावर चहा घेतला. सुजातानं माझ्या चहात साखर जास्त नको असं टपरीवाल्याला सांगितलं. मला मधुमेह आहे हे तिच्या लक्षात होतं.

पुन्हा काळाचौकी

परतीची गाडी रविवारी संध्याकाळी होती. त्या दिवशी सकाळी फणसवाडीत सुजाताचा फोन आला. "मिलिंदनं मंडळाच्या हॉलवर बोलावलंय, दहा वाजता. सैल कपडे घाला म्हणाला." तिच्या आवाजावरून काही कळलं नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट बॅगेत ठेवला आणि जुना लेंगा-सदरा घातला. भास्करराव म्हणाले, ही कसली साक्ष?

हॉलमध्ये वीसेक बायका होत्या, पंजाबी ड्रेसच्या ओढण्या कमरेला बांधलेल्या. बँकेत काम करणाऱ्या, मच्छी विकणाऱ्या, एक परिचारिकाही होती. जमिनीवर एक लांब फळी ठेवली होती, दाराच्या पल्ल्याएवढी. मिलिंद खुर्चीत समोर बसला होता. त्यानं मला नमस्कार केला नाही. नेहमी करतो.

"मी आजवर तुम्हाला माझी केस चुकीची सांगितली," तो त्यांना म्हणाला. "मला ती तशीच सांगितली गेली होती. आज बरोबर सांगतो."

आणि त्यानं सगळं सांगितलं: बोटं, काखेतले हात, टॅक्सी, माझा नियम. माझ्यापेक्षा कमी शब्दांत. नावही सांगितलं, माझ्याकडे बोटही दाखवलं. बायकांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं, मसाल्याच्या गल्लीत शिंकणारी माणसं नजर टाळतात तसं. एकजण हळूच म्हणाली, "आमच्या कोचचाही असाच रूल होता."

"आहे," दुसरी म्हणाली. "होता नाही."

मिलिंद माझ्याकडे वळला.

"झोपा, नाना."

मी फरशीवर पाठ टेकून झोपलो. सत्त्याहत्तराव्या वर्षी हे चटकन होत नाही, पण कोणी मदतीला हात पुढं केला नाही, आणि तेच योग्य होतं. फरशी थंड होती. वर पंखा फिरत होता. परिचारिका माझ्या डोक्यामागं गुडघ्यांवर बसली आणि तिनं दोन्ही तळहातांनी माझं डोकं धरलं, कानांवर झाकण ठेवल्यासारखं, त्यामुळे सगळे आवाज लांब गेले. दोघी कमरेशी, एक पायाशी.

मला वाटलं पायाशी नीट जागा करून द्यावी, म्हणून मी मान उचलू लागलो.

"हलू नका," मिलिंद म्हणाला. "पडलेला माणूस हलत नाही. तो आडवाच दिसला पाहिजे."

मी मान टेकवली. त्यानं आकडे मोजायला सुरुवात केली. तीनला त्यांनी मला एकत्र कुशीवर वळवलं, फळी सरकवली, पुन्हा पाठीवर आणलं. पायाशी बसलेल्या बाईला त्यानं विचारलं, "बोटं बघितलीस? उचलण्याआधी बघायची. बघून मोठ्यानं सांगायची, चारजणांनी ऐकलं पाहिजे."

तिनं माझा मोजा काढला. मी उजव्या पायाचा अंगठा हलवला, आणि शेजारचं बोट.

"हलतात," ती मोठ्यानं म्हणाली.